सीताफळाचं फूल आणि मामींचं नाक

सीताफळाच्या फुलाला वास असतो हे आमच्या गावात कोणी मानत नव्हतं. फळाला असतो, पान चुरगळलं तर चांगलाच उग्र असतो, पण फूल? ते फूल आहे हेही पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बोटाच्या पेराएवढं, हिरवट, तीन जाड पाकळ्यांचं, पानांआड मान खाली घालून लोंबणारं. गडचांदूरहून आमच्या गावाकडे येताना चुनखडीच्या टेकड्या लागतात. त्यांच्या उतारावर कोणी न लावता सीताफळाचं रान माजलंय. दिवाळीच्या आधी सगळं गाव टोपल्या घेऊन तिथे जातं. फुलांच्या दिवसांत मात्र तिकडे बकऱ्या असायच्या आणि मी.

मी मूळची सावली गावाकडची. धानाच्या पट्ट्यातून कापूस-सोयाबीनच्या घरात लग्न होऊन आले, तेव्हा हातात वनस्पतिशास्त्राची पदवी होती आणि तिचं काय करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. नवरा सिमेंटच्या कारखान्यात पाळीवर जायचा, सासू शेत बघायची. सासरे मी येण्याआधीच गेलेले. माझ्या सासूला मी मामी म्हणते, आमच्याकडे तशीच रीत आहे. मामी कामाला वाघ आणि बोलायला तिखट. सून शिकलेली आहे याचं त्यांना कौतुक होतं की अडचण, हे मला पहिली दोन वर्षं कळलं नाही.

मग शहरातल्या एका विद्यापीठातून एक मॅडम आल्या. त्यांना फुलांच्या वासावर काम करायचं होतं, आणि तेही फार जुन्या घराण्यांतल्या झाडांच्या. सीताफळाचं घराणं, चाफ्याचं घराणं, तळ्यातल्या कुमुदाचं घराणं. रोज टेकडीवर जाणारी, नोंदवही ठेवू शकणारी स्थानिक बाई त्यांना हवी होती. ग्रामपंचायतीत चार जणी बसलो होतो. मॅडमनी प्रत्येकीला तीन बारक्या बाटल्या हुंगायला दिल्या आणि विचारलं, यातल्या कोणत्या दोन सारख्या? मी पहिल्याच फटक्यात सांगितलं. शिवाय तिसरीत सारखंच काहीतरी आहे पण पातळ केलेलं आहे, हेही सांगितलं. मॅडम हसल्या. म्हणाल्या, "आपलं पहिलं यंत्र हेच. तुमचं नाक."

त्या वाक्यावर मी पुढचं वर्षभर मिरवले. खोटं कशाला सांगू.

काम असं होतं. उजाडता उजाडता टेकडीवर जायचं. ठरलेल्या झाडांच्या कळ्यांना दोरा बांधून नंबर लावलेले असायचे. फूल कोणत्या अवस्थेत आहे ते बघायचं. सीताफळाचं फूल आधी मादी असतं. पाकळ्या किंचित फाकलेल्या, आत ओलसर चकाकी. दुसऱ्या दिवशी तेच फूल नर होतं, पाकळ्या पार उघडतात आणि परागकण सुटतात. मग नाक जवळ नेऊन वास घ्यायचा आणि नोंदवहीत शून्य ते तीन असा आकडा टाकायचा. शेजारच्या रकान्यात तो वास कशासारखा आहे ते आपल्या शब्दांत लिहायचं. आकडा दोन किंवा तीन आला, तर त्या फुलावर पारदर्शक पिशवी बांधायची, बॅटरीवर चालणारा छोटा पंप लावायचा आणि आतली हवा पेन्सिलीएवढ्या काचेच्या नळीतून ओढायची. नळीत वास धरून ठेवणारी भुकटी असते. नळी बंद करून थंड डब्यात ठेवायची आणि शहरात पाठवायची. तिथलं यंत्र त्या वासातले पदार्थ वेगळे करून दाखवायचं.

मॅडमनी एकदा दगडावर बसून मला समजावलं होतं. "मधमाश्यांचं राज्य यायच्या आधीपासून या घराण्यांची फुलं आहेत. तेव्हा भडक रंगाचा, मधाचा फार उपयोग नव्हता. भुंगेरे बोलवायचे होते. म्हणून यांनी वासावर भर दिला." सीताफळाच्या फुलात तिळाएवढे तपकिरी भुंगेरे येतात, ते मी पाहिलेले होते. सडक्या फळावरही तेच असतात. फूल त्यांना पिकलेल्या फळाचा वास देऊन फसवतं. ज्या पदार्थांमुळे पिकल्या केळ्याला, पिकल्या पेरूला वास येतो, त्याच जातीचे पदार्थ हे हिरवं, साखरेचा कणही नसलेलं फूल सोडतं. पण आपल्या नाकाला तो वास इतका बारीक येतो की श्वास रोखून, डोळे मिटून घ्यावा लागतो.

मला तो यायचा. पिकल्या फळाच्या सालीसारखा. मामी म्हणायच्या, "फुलं हुंगाचा पगार भेटून राह्यला तुले. नशीब काढलं." आणि वावरात निघून जायच्या.

दुसऱ्या वर्षी, सोयाबीनची पेरणी उरकली त्या आठवड्यात मला ताप आला. कोरोनाची साथ तेव्हा केव्हाच ओसरली होती, लोक मास्क विसरले होते, तरी मला तोच झाला. चार दिवसांत ताप उतरला. पाचव्या दिवशी सकाळी चहा घेतला, तर तो नुसतं गरम गोड पाणी होता. मी अंगणात जाऊन तुळशीचं पान चुरगळलं. मग कोपऱ्यातल्या सीताफळाचं पान चुरगळून नाकाला लावलं. काही नाही. कोरा कागद हुंगावा तसं.

येईल परत, असं मी स्वतःला सांगितलं. सगळ्यांचा येतो. त्या सकाळी टेकडीवर गेले आणि नोंदवही उघडली. दोरा बांधलेलं पहिलं फूल पाहिलं. पाकळ्या किंचित फाकलेल्या, आत ओल. वर्षभराच्या सवयीने मला माहीत होतं, अशा फुलाला दोन किंवा तीन येतो. मी 'दोन' लिहिलं. शेजारी लिहिलं, 'पिकल्या फळाची साल'. दुसऱ्या फुलाला 'तीन'. उघडलेल्या नर फुलाला 'एक'.

असं मी अठरा दिवस केलं. रोज वाटायचं, उद्या येईल वास, मग मागचं सगळं दुरुस्त करू. नवऱ्याला सांगितलं नाही, मॅडमना फोनवर सांगितलं नाही. एकच धाक होता. ज्या नाकासाठी मला घेतलं तेच नाही, तर मी कोण?

पकडलं मामींनी.

त्या दिवशी रात्रीचं उरलेलं वरण मी दुपारी गरम करून वाढलं. नवरा पहिली पाळी करून आला होता. एक घास घेऊन म्हणाला, "वरण आंबट काऊन लागून राह्यलं? चिंच टाकली काय?" मामींनी वाटी नाकाजवळ नेली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता वरण बाहेर टाकून आल्या. मला वाटलं, सुटले.

संध्याकाळी मी तांदूळ निवडत बसले होते. मामी शेजारी येऊन टेकल्या. कनवटीतून खर्ऱ्याची पन्नी, प्लॅस्टिकची पुडी, काढली. आमच्या भागात बायकाही खर्रा खातात. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेला, पानठेल्यावर मिळणारा. त्याचा वास मला लग्नाच्या पहिल्या दिवसापासून सहन होत नव्हता, मामींनी पन्नी सोडली की मी उठून जायचे. त्यांनी ती माझ्या मांडीजवळ उघडली, बोटांनी चांगली मळली. मी तांदूळ निवडत राहिले.

"तुले वास नाई येऊन राह्यला," मामी म्हणाल्या. त्यांनी ते विचारलं नाही, सांगितलं.

माझ्या हातातला खडा ताटात पडला.

"कधीपासून?"

"तापापासून."

"आन् थे फुलं?"

मामी आत गेल्या, नोंदवही आणून माझ्यापुढे ठेवली. त्यांना वाचता येत नव्हतं, पण रकाने भरलेले आहेत एवढं दिसत होतं. "हे काय लिवलं मंग?"

"बघून," मी म्हणाले. "फूल बघून अंदाजानं."

मला वाटलं ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. थोडा वेळ पन्नी मळत बसल्या आणि म्हणाल्या, "तण न काढता निंदण झालं म्हणून सांगतलं, तं माणूस फसते. वावर नाई फसत. तुह्या मॅडमचं मशीन वावरच आहे ना एक प्रकारचं?"

मला रडू आलं. मामींनी पाठीवर हात वगैरे ठेवला नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हे. एवढंच म्हणाल्या, "उद्या मी येतो संगं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी टेकडीवर गेलो. मी त्यांना फूल कसं धरायचं ते दाखवलं. देठ न हलवता, श्वास अंगावर न सोडता. मामींनी डोळे मिटले. मग दुसरं फूल, तिसरं. दहा फुलं झाल्यावर कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"ह्याले कुठी वास आहे? काईच नाई."

"असतो मामी. बारीक असतो."

"मले काऊन नाई येऊन राह्यला मंग?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांच्या गालात खर्रा होता. त्यांनाही ते समजलं. त्या थोड्या अंतरावर गेल्या, थुंकल्या, कनवटीतली पन्नी काढून पाहिली आणि परत खोचली. त्या सकाळी नोंदवहीतला वासाचा रकाना मी रिकामा ठेवला. अठरा दिवसांनंतर पहिल्यांदा तो खरा होता.

घरी आल्यावर मामींनी पन्नी चुलीत टाकली. जळताना तिचा वास आला असणार, मामी दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

पुढचे आठ दिवस घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. मामींचं डोकं दुखायचं, हात थरथरायचे, जेवण जायचं नाही. भांड्यांवर राग काढायच्या, कोंबड्यांवर ओरडायच्या. नवरा मला आत ओढून म्हणाला, "बुढीले झालं तरी काय? पंचवीस वर्सांचा खर्रा एकदम सोडून राह्यली, मरन ना थे." मी त्याला सगळं सांगितलं. तो खाटेवर बसला आणि बराच वेळ हसत राहिला. मग गंभीर होऊन म्हणाला, "माहा बाप सांगून थकला, तरी नोती सोडली."

दहाव्या दिवशी संध्याकाळी तो कामावरून आला. मामी अंगणात शेंगा सोलत होत्या. तो शेजारून गेला तशी त्यांनी मान वर केली.

"तुह्या कपड्याले सिमिटाचा वास येते," त्या म्हणाल्या. "ओल्या भितीसारखा. मले आजवर माहीतच नोतं."

दुसऱ्या सकाळी, सातव्या झाडापाशी, त्या फुलाजवळ वाकल्या आणि तशाच थांबल्या. मी पेन घेऊन उभी. त्यांनी हात वर करून मला गप्प राहायची खूण केली, जरी मी बोलत नव्हते. मग सरळ झाल्या.

"हाये," म्हणाल्या. "पिकल्या फळाचा नाई. मोहाचे फुलं आंबवतात ना मडक्यात, दुसऱ्या दिवशी झाकण उचललं का जो पहिला वास येते, थो. गोड, आन् मांगून नाकाले टोचणारा."

मी तसंच लिहिलं. मी वर्षभर 'पिकल्या फळाची साल' लिहीत होते आणि स्वतःला हुशार समजत होते. मामींनी पहिल्या दिवशी त्याच्यातला आंबण्याचा वास वेगळा काढला.

त्यानंतर आमची जोडी ठरली. मी अवस्था बघायचे, पिशवी बांधायचे, पंप लावायचे. मामी वास सांगायच्या. त्या पारोशा यायच्या, केसांना तेल लावायच्या नाहीत, साबणाने हातही धुवायच्या नाहीत. कोणी शिकवलं नव्हतं. आदल्या दिवशी कांदा चिरला तर दुसऱ्या सकाळी म्हणायच्या, "आज माह्यावर भरोसा नोको ठेवू, दोन बोटं कांद्याची आहेत." मी तेही वहीत लिहायचे.

श्रावण लागता लागता मॅडम आल्या. मी ठरवलं होतं की चहा व्हायच्या आधी बोलून टाकायचं. नोंदवही उघडली, ते अठरा दिवस दाखवले आणि म्हणाले, "मॅडम, हे मी वास न घेता लिहिलंय. मला वास येत नाही. अजूनही येत नाही."

मॅडम बराच वेळ पानं उलटत राहिल्या. त्यांचा चेहरा पडला होता. मला तो आजही आठवतो. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हे आकडे वापरता येणार नाहीत," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि या अठरा दिवसांत भरलेल्या नळ्याही बाजूला ठेवाव्या लागतील. कोणतं फूल निवडायचं ते या आकड्यांवरूनच ठरलं ना?"

"हो."

"मला फोन का केला नाहीत?"

"भीती वाटली."

त्यांनी लाल पेनाने त्या पानांवर तिरकी रेघ मारली, प्रत्येक पानावर. मी बघत होते. मग त्या पुढच्या पानांवर आल्या आणि थांबल्या. "हे कोणी लिहिलंय? मडक्याचं झाकण, मोहाचा दुसरा दिवस... 'आज दोन बोटं कांद्याची'?"

"लिहिलं मी. सांगितलं मामींनी."

मामी दारात उभ्या होत्या. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. "मावशी, तुम्ही माझ्यासमोर वास घेऊन दाखवाल? मला तपासावं लागेल. राग मानू नका."

"तपासा ना," मामी म्हणाल्या. "दूध घ्याच्या आधी म्हैस तपासाच लागते."

मॅडमनी गाडीतून पेटी आणली. कागदाच्या पाच पट्ट्या, प्रत्येकीला मागे नंबर. मला स्वयंपाकघरात पाठवलं, पण दार अर्धं उघडं होतं. मामी पाट घेऊन बसल्या, पाठ ताठ. पहिली पट्टी हुंगून म्हणाल्या, "केळं. पण गोळीतलं केळं, झाडाचं नाई." दुसरी बराच वेळ धरली. "हे आपल्या फुलात असते. पहिल्या दिवसाच्या फुलात. दुसऱ्या दिवशी कमी होते." तिसरी घेतली आणि कपाळाला आठ्या पडल्या. "ह्याच्यात काईच नाई. तुमच्या हाताचं साबण आहे नुसतं."

मॅडमनी पट्टी उलटी करून नंबर पाहिला. तिसरी पट्टी कोरी होती.

चौथी आणि पाचवी एकच आहे, एक जास्त पाण्यातली, असं मामींनी सांगितलं. तेही बरोबर होतं. मॅडमनी पट्ट्या गोळा केल्या आणि मला हाक मारली. "ऐका," त्या म्हणाल्या, "उरलेला हंगाम वासाचा रकाना मावशींचा. वही तुमची. वहीवर दोघींची नावं लिहा. आणि पुन्हा काही बिघडलं, कोणाचंही, तर त्याच दिवशी फोन."

मी 'हो' म्हणाले. माझं काम राहिलं होतं, पण त्या क्षणी मला त्याचं फार वाटलं नाही. मी मामींकडे बघत होते. त्या पाट उचलून भिंतीला लावत होत्या, जणू पाहुण्यांना सुपारी देऊन झाली. पण कोपऱ्यात वळल्यावर त्यांनी पदराने चेहरा पुसला. त्या हसत होत्या.

त्या हंगामात मॅडम आल्या की त्या दोघी टेकडीवर गप्पा मारायच्या. मॅडमनी त्यांनाही जुन्या घराण्यांची गोष्ट सांगितली. हेही सांगितलं, की सीताफळ मूळचं इथलं नाही, समुद्रापलीकडून आलं आणि इथे रुजलं. मामींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "म्हंजे सुनेसारखं. बाहेरून आली, आता टेकडी तिचीच."

एक गोष्ट मात्र मॅडमना आणि मामींना कधीच जुळवता आली नाही. मामी म्हणायच्या, घळीतल्या सावलीच्या झाडांच्या फुलांत आणखी एक वास आहे, पावसात भिजलेल्या लाकडाचा. उन्हातल्या झाडांना तो नाही. मॅडमनी मुद्दाम त्या झाडांच्या वेगळ्या नळ्या भरून नेल्या. पहिल्या दिवसाच्या फुलात फळाच्या वासाचे पदार्थ जास्त आणि दुसऱ्या दिवशी कमी, हे मामींचं म्हणणं यंत्रात तसंच उतरलं होतं. पण भिजल्या लाकडाचं काही सापडलं नाही. फोनवर मॅडमनी हे सांगितलं तेव्हा स्पीकर चालू होता.

"मशीनले नाई दिसलं?" मामींनी विचारलं.

"नाही दिसलं, मावशी."

"मंग तसंच लिवा. मशीनले दिसलं नाई. तिथी नाई, असं नोका लिवू."

मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे. तसंच लिहिते." आणि त्यांनी खरोखर तसंच लिहिलं. अहवाल आला तेव्हा मी ते वाक्य शोधून मामींना दोनदा वाचून दाखवलं. तो वास खरा होता की मामींचा भास, मला माहीत नाही. मॅडमनाही अजून माहीत नाही.

मला वर्षाने थोडाथोडा वास परत येऊ लागला, पण वेडावाकडा. चहाला आता जळक्या रबराचा वास येतो, कांद्याला कसलाच येत नाही. सीताफळाचं फूल मात्र अजून गप्प आहे. पूर्वी याचं वाईट वाटायचं.

मागच्या पावसाळ्यानंतर मॅडमना कुमुदाच्या फुलांचं काम सुरू करायचं होतं. कुमुदाचं घराणं तर या सगळ्यांपेक्षा जुनं. मी म्हणाले, माझ्या माहेरचा तलाव त्याने भरलेला असतो. आम्ही गाडीने सावलीकडे गेलो, मॅडम, त्यांच्या दोन विद्यार्थिनी, मी आणि मामी. मामी माझ्या माहेरी लग्नानंतर पहिल्यांदाच राहायला येत होत्या. माझ्या आईने दोन दिवस आधीपासून घर सारवलं होतं, विहीणबाई काय म्हणतील याचा तिला ताण.

सकाळी तलावावर गेलो. फुलं काठापासून दूर होती आणि डोंगा, म्हणजे छोटी होडी, एकच. त्यात वल्हवणारे गावातले एक भाऊ आणि आणखी एकचजण मावणार. मॅडमनी मामींकडे पाहिलं. मामींना पाण्याची भीती वाटते. टेकडीवरच्या बाईने उभ्या आयुष्यात एवढं पाणी पाहिलेलं नाही. त्यांनी लुगडं खोचलं, डोंग्याची कड दोन्ही हातांनी धरली आणि बसल्या. काठावरून मला त्यांच्या मानेच्या शिरा दिसत होत्या.

"पहिल्या दिवसाचं फूल कसं ओळखायचं?" एका विद्यार्थिनीने मला विचारलं.

"मधोमध पाणी साचलेलं असतं," मी सांगितलं. "दुसऱ्या दिवशी ते नसतं."

डोंगा फुलांत शिरला. मामी वाकल्या. एक हात कडेवरच, दुसऱ्या हाताने फूल न तोडता जवळ घेतलं. मग तिथूनच ओरडल्या, आवाज पाण्यावरून सरळ आला.

"लिव! पाणी आहे. वास दोन. नव्या सुपातले तांदूळ, आन् थोडी काकडी!"

मी लिहिलं.

"दुसरं! पाणी नाई. वास एक. काकडी गेली!"

विद्यार्थिनी मोबाइलवर चित्रीकरण करत होत्या. माझी आई माझ्याजवळ उभी होती, डोक्यावर पदर. तिला मी सगळं फोनवर सांगितलेलं होतं, तरी ती बघतच राहिली. "तुह्या सासूले हे कोणं शिकवलं?" तिने विचारलं.

"कोणी नाही," मी म्हणाले. "खर्रा सोडला आणि शिकल्या."

तासाभराने डोंगा परत आला. वल्हवणाऱ्या भाऊंनी मामींना हात देऊन उतरवलं. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. मॅडमनी पाणी दिलं, खुर्ची दिली. मग विद्यार्थिनींपैकी एकीने फॉर्म काढला. कामात सहभागी असलेल्या प्रत्येकाची माहिती विद्यापीठाला द्यायची होती. नाव, गाव, वय. मामी सांगत गेल्या.

"व्यवसाय?" मुलीने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, "घरकाम लिहिते."

आधार कार्डाच्या वेळी, रेशन कार्डाच्या वेळी, सगळीकडे तेच लिहिलेलं आहे. चाळीस वर्षं शेत करणाऱ्या बाईच्या नावापुढे घरकाम. मी तोंड उघडणार होते, पण मामींनी आधीच मुलीच्या पेनावर बोट ठेवलं.

"थांब वं पोरी," त्या म्हणाल्या. "शेती लिव. आन् त्याच्यापुढं लिव, वास पारखणं."

मुलीने मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "लिही. दोन्ही लिही."

तिने लिहिलं. मामींनी ते मला वाचायला लावलं. मी मोठ्याने वाचलं, माझ्या आईसमोर, डोंगेवाल्या भाऊंसमोर, त्या दोन मुलींसमोर. मग मामी उठल्या, ओलं लुगडं झटकलं आणि माझ्या आईला म्हणाल्या, "चला विहीणबाई, भूक लागली."